कोल्हापूर ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ७०२ किलोमीटर भरते. मुंबईच्या विमानतळापासून नागपूरचे हेच अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईकर आणि कोल्हापूरकर यांच्यात नागपूरच्या बाबतीत तफावत आहे ती जेमतेम वीस किलोमीटरांची. कोल्हापुरातून रंकाळा ओलांडून पन्हाळ्याच्या पायथ्याशी जावे, तेवढीच. असे असता मुंबईचा माणूस सकाळी निघून नागपुरातील काम आटोपून रात्री घरी जेवायला येऊ शकतो. आणि कोल्हापूरच्या माणसाला त्याच कामासाठी दोन दिवस, प्रसंगी तीन दिवस, मोडावे लागतात. नकाशावर समान असलेले अंतर माणसाच्या आयुष्यात इतके असमान का व्हावे, हा प्रश्न केवळ विमान कंपन्यांच्या वेळापत्रकाचा नाही. १९६० साली एक झालेल्या राज्याचे दूरदूरचे विभाग एकमेकांना खरोखर किती जवळ आले, याचा तो प्रश्न आहे.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू, कारण त्याबाबत बराच गैरसमज आहे. ७०२ किलोमीटर म्हणजे वैमानिकांच्या भाषेत सुमारे ३८० सागरी मैल. लहान मार्गांवर आपल्याकडे रुळलेले एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास वेग घेते. नुसता भागाकार केला तर उत्तर एक तास चोवीस मिनिटे येते. परंतु विमान काही भूमितीतल्या रेषेवरून जात नाही. त्याला धावपट्टीपर्यंत रांगत जावे लागते, उंची गाठावी लागते, आखून दिलेल्या हवाई मार्गाची वळणे घ्यावी लागतात आणि उतरताना पुन्हा वेग मोडावा लागतो. या सर्वांपोटी वीस ते तीस मिनिटांची भर घालण्याचा ढोबळ प्रघात आहे. म्हणजे एटीआरला पावणेदोन तास, एम्ब्राएरसारख्या छोट्या जेटला सव्वा ते दीड तास. हिवाळ्यात वरच्या थरातील पश्चिमी वारे नागपूरकडे जाणाऱ्याला हात देतात आणि परतताना तेवढेच अडवतात. हा फरक काही मिनिटांचाच. 

आता प्रवाशाचा हिशेब. कोल्हापूरहून नागपूरला थेट विमान असेल त्या दिवशी घरापासून मुक्कामापर्यंत साडेचार तास पुरतात. ते नसेल त्या दिवशी काय होते? एक वाट मुंबईची. कोल्हापूर ते मुंबई ३०९ आणि तेथून पुढे ६८३, असे एकूण ९९२ किलोमीटर. सरळ अंतरापेक्षा २९० किलोमीटर जास्त. दुसरी वाट हैदराबादची. ती ४४५ अधिक ४३३, म्हणजे ८७८ किलोमीटरांची. महाराष्ट्रातील एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे तर स्वतःच्या राजधानीपेक्षा तेलंगणाची राजधानी शंभरावर किलोमीटरांनी सोयीची पडते, ही गोष्ट मंत्रालयात कोणाच्या ध्यानात आली आहे की नाही, कोण जाणे. अर्थात या दोन्ही वाटांवर खरा काळ जातो तो हवेत नव्हे. पहिले विमान उतरल्यानंतर दुसरे सुटेपर्यंत तीन-चार तास बाकावर बसून काढावे लागतात, आणि जोडविमान हुकले तर रात्रही. म्हणूनच व्यवहारी कोल्हापूरकर तिसरीच वाट धरतो. तो मोटारीने २३० किलोमीटरांवरील पुणे गाठतो आणि तेथून ६०५ किलोमीटरांचा थेट हवाई प्रवास करतो. रस्त्याचे पाच तास, विमानतळावरचे दोन, हवेतला दीड. ‘विमानाने गेलो’ असे तो घरी सांगतो खरा. पण वेळेचा मोठा भाग महामार्गावरच गेलेला असतो.

रेल्वेचे तर नावच काढायला नको. ‘महाराष्ट्र एक्स्प्रेस’ हे नाव ज्या गाडीला शोभून दिसते ती कोल्हापूरहून निघून पुणे, मनमाड, भुसावळ असा भलामोठा वळसा घेत बाराशेहून अधिक किलोमीटर तोडून नागपूरला पोहोचते आणि पुढे गोंदियाला जाते. सरळ रेषेच्या पावणेदोन पट अंतर आणि एक आख्खा दिवस. एकाच राज्याच्या हद्दीत एवढा लांब धावणाऱ्या गाड्या देशात फार नाहीत. या गाडीचे कौतुक जरूर करावे. पण तिच्या वळशातच राज्याच्या दळणवळणाची सारी कुंडली मांडलेली आहे. आपले लोहमार्ग मुंबईच्या बंदरासाठी टाकले गेले. कापूस बंदराकडे न्यावा आणि कापड आत आणावे, हा त्यांचा हेतू होता. सातारा-कोल्हापूरच्या माणसाने यवतमाळ-वर्ध्याला जावे, ही कल्पना त्या आखणीत नव्हती. दुर्दैव असे की स्वातंत्र्यानंतर आखलेले हवाई मार्गही याच जुन्या रुळांच्या सावलीतून चालत राहिले.

आणि हे नागपूरच्या बाबतीत घडावे हे विशेष. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि थोड्याफार प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असणे म्हणजे काय, याचा तो साक्षात पुरावा होता. कोल्हापूरची कहाणीही जुनीच. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, संस्थानाने आपला विमानतळ उभारला, तेव्हा आज महानगरे म्हणून मिरवणाऱ्या कित्येक शहरांच्या वेशीवर धावपट्टीचे नावही नव्हते. अशी ही दोन ठिकाणे. पाऊण शतकानंतर त्यांच्यातील थेट विमानसेवा ही अजून सुरू होण्याची, बंद पडण्याची आणि पुन्हा सुरू होण्याची बातमी असते. मुंबई-नागपूर विमानाची कधी बातमी होत नाही.

अशी अडचण दूर करावी याच हेतूने केंद्र सरकारने २०१६ च्या ऑक्टोबरात ‘उडान’ योजना आणली. तिची कल्पना चांगली होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सुमारे एक तासाच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरांच्या आसपासच्या प्रवासाला निम्म्या खुर्च्यांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा. कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यावयाची. तिच्यातील वीस टक्के वाटा राज्याचा. आणि अशा विमानतळांवर इंधनावरील विक्रीकर एक टक्क्यावर आणावयाचा. पण २०२३ साली महालेखापरीक्षकांनी या योजनेचा जो ताळेबंद मांडला तो उत्साह वाढवणारा नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना देण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी, आणि मुदत संपल्यावर, म्हणजे सरकारी आधार सुटल्यावर, २०२३ च्या मार्चमध्ये टिकून होते फक्त ५४. शंभर मार्गांतले सात.

आपल्या राज्याचा अनुभव या आकड्यांना धरूनच आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये योजनेच्या पहिल्याच दिवशी ज्या मार्गांना हिरवा कंदील दाखवण्यात आला त्यांत नांदेड होते. परंतु ते विमान गेले हैदराबादला. पुढे ती सेवा देणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. श्रेयासाठी व्यासपीठावर झालेली टोलेबाजी लोकांच्या स्मरणात आहे. मुंबईच्या विमानाला दिलेल्या सवलतीची तीन वर्षे २०२४ च्या ऑक्टोबरात भरली आणि ती सेवा थांबली. टोलेबाजी करणाऱ्यांपैकी कोणीही तिच्यासाठी आधी तजवीज करून ठेवली नव्हती. सोलापुरात साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षे वाद रंगला, २०२३ च्या जूनमध्ये ती पाडण्यात आली, २०२४ च्या सप्टेंबरात नूतनीकृत विमानतळाचे उद्‌घाटन झाले. आणि नियमित विमान उडाले ते २०२५ च्या जूनमध्ये, गोव्याला. चिमणी आड येत होती हे खरेच. परंतु चिमणी पडल्यावरही दोन वर्षे आकाश रिकामे राहिले, याचा जाब कोणी कोणाला विचारला नाही. आपल्याकडे धावपट्टीचे भूमिपूजन होते, इमारतीचे उद्‌घाटन होते, पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे उडतात. शेवटचे विमान मात्र कोणालाही न कळता निघून जाते.

यात सगळा दोष विमान कंपन्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. धंदा करायला बसलेल्या माणसाने तोट्याची गाडी हाकावी, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि तासाला जास्तीत जास्त सेहेचाळीस विमानांची ये-जा होते. सत्तर माणसांचे विमान जेवढा वेळ धावपट्टी अडवते तेवढाच वेळ दोनशे माणसांचे अडवते. साहजिकच सकाळच्या मोक्याच्या वेळा मोठ्या विमानांच्या वाट्याला जातात आणि लहान गावांच्या पदरी दुपारी दोन-अडीचची वेळ येते. ती ना कामाला जाणाऱ्याच्या उपयोगाची, ना परतणाऱ्याच्या. मग खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या खुर्च्या दाखवून ‘मागणीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर ही कोंडी काहीशी सैल व्हावी. पण कोल्हापूरहून नागपूरला जाणाऱ्याने मुंबईला यावेच का, हा मूळ प्रश्न नव्या विमानतळाने सुटत नाही.

जी सेवा आठवड्यातून तीन किंवा चार दिवसच असते, ती प्रवाशाच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. नागपूरच्या रुग्णालयातील आप्ताला भेटायचे, न्यायालयाची तारीख गाठायची, मुलीच्या प्रवेशासाठी जायचे. ही कामे मंगळवार-गुरुवार-शनिवार पाहून येत नाहीत. एकदा तिकीट काढून विमान रद्द झाल्याचा अनुभव आला की माणूस पुन्हा रात्रीच्या बसकडे वळतो. म्हणून दोन विमानतळांमधील वेळ मोजण्याची खरी पद्धत एकच: आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी निघून त्याच दिवशी काम करून परतता येते का? या कसोटीवर मुंबई-नागपूर उतरते, पुणे-नागपूर उतरते. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, अमरावती यांच्या आपापसातील मार्गांपैकी एकही उतरत नाही. तिकिटावर छापलेला एक तास वीस मिनिटे हा आकडा खोटा नसतो; तो फक्त उरलेल्या सात तासांविषयी मौन पाळतो.

येथे एक भौगोलिक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. नकाशावर कोल्हापूर आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर नांदेड जवळजवळ त्या रेषेखालीच येते. कोल्हापूर ते नांदेड ४२५ आणि नांदेड ते नागपूर २७९, अशी बेरीज ७०४ किलोमीटर होते. वाट वाकडी होते ती अवघ्या दोन किलोमीटरांनी! सोलापूरवरून गेले तरी बेरीज ७१० च्या पुढे जात नाही. छत्रपती संभाजीनगर जरा बाजूला पडते. तरीही तेथून ७७८ किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या वळशापेक्षा दोनशेहून अधिक किलोमीटरांची बचत. एका विमानाने सकाळी कोल्हापूर सोडावे, नांदेडला अर्धा तास थांबावे, नागपूरला पोहोचावे आणि सायंकाळी तसेच परतावे. एटीआरलाही या सर्वाला पावणेतीन तासांहून अधिक लागू नयेत. थेट कोल्हापूर-नागपूरचे पन्नास प्रवासी रोज मिळतील की नाही याची शंका घेता येईल. पण पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या तिघांचे मिळून एक विमान भरणार नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. वऱ्हाडचा कापूस आणि इचलकरंजीचे माग, शिरोलीचे ओतकाम आणि बुटीबोरीचे कारखाने, नांदेडचा गुरुद्वारा आणि कोल्हापूरची अंबाबाई, यांच्यातील ये-जा आजही आहेच. ती रस्त्यावर रात्र काढून होते, म्हणून विमानतळाच्या हिशेबात दिसत नाही. टप्प्याटप्प्याने जाणारे विमान ही कल्पनाही नवी नव्हे. १९८१ साली स्थापन झालेल्या ‘वायुदूत’ने लहान गावे एका माळेत ओवण्याचा हाच प्रयोग केला होता. तो फसला, कारण माळ फार लांबली, विमाने अपुरी पडली आणि तोटा कोणी व किती काळ सोसायचा हे ठरलेले नव्हते. कल्पना चुकीची होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तोटा कोणी सोसायचा, हा मुद्दा टाळून चालणार नाही. विमानाने जाणाऱ्या मूठभरांसाठी करदात्याने का झळ सोसावी, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. एसटीच्या बसला वेळेवर टायर मिळत नाही, अशी ओरड असलेल्या राज्यात तर तो अधिकच टोचेल. परंतु आकडे समोर ठेवून पाहावे. समजा, बहात्तर खुर्च्यांचे एक विमान वर्षाचे ३६५ दिवस जाऊन येऊन धावले आणि सरकारने त्यातील प्रत्येक खुर्चीमागे दोन हजार रुपये दिले, तर वर्षाचा खर्च साडेदहा कोटींच्या घरात जातो. आता याच दिशेने आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाकडे पाहावे. नागपूर ते गोवा हा सुमारे ८०२ किलोमीटरांचा रस्ता, त्याचा अपेक्षित खर्च ८६ हजार कोटींच्या आसपास, आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने केवळ भूसंपादन वगैरेंसाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिलेली. त्याचे मुख्य समर्थन काय, तर अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी बागायती जमीन जाणार म्हणून त्याविरुद्ध उभे राहिले, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ करीत त्याच दिशेने जात असताना दुसरा कशाला, हा त्यांचा सवाल अजून निरुत्तर आहे. रस्त्यावरून माल जातो, बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सारे जाते, त्याची बरोबरी विमान करू शकत नाही, हे उघड आहे. तथापि, माणसांचे प्रवासाचे तास वाचवणे हेच जर उद्दिष्ट म्हणून पुढे केले जात असेल, तर हजारो कोटींच्या रस्त्याला हात घालण्यापूर्वी दहा कोटींचे विमान चालवून पाहायला काय हरकत आहे? त्यासाठी कोणाचा ऊस उपटावा लागत नाही.

मात्र हे पैसे ‘उडान’च्या पद्धतीने देऊन उपयोग नाही. त्या योजनेत मार्ग कंपनी सुचवते, सरकार तूट भरते आणि तीन वर्षांनी हात काढून घेते. येथे क्रम उलटा हवा. मार्ग आणि वेळा राज्याने ठरवाव्यात आणि त्या वेळा पाळणाऱ्यालाच पैसे द्यावेत. १९४८ साली एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हापासून तोट्याच्या मार्गावरही गाडी सोडण्याचे तत्त्व या राज्याने मानले आहे. गडचिरोलीच्या किंवा वेल्ह्याच्या शेवटच्या गावची मुक्कामी बस नफ्यासाठी जात नाही. विभागाला विभाग जोडणारे एखादे विमान याच तत्त्वात बसते. अट एवढीच की रोजची सेवा असावी, सकाळी जाऊन सायंकाळी परतता यावे, आणि रद्द झालेल्या प्रत्येक फेरीमागे कंपनीची रक्कम कापली जावी. कोल्हापूरची धावपट्टी १,३७० मीटरांवरून १,९३० मीटरांवर गेली आहे, नवी इमारतही २०२४ च्या मार्चमध्ये खुली झाली आहे. एटीआरला याहून अधिक काही लागत नाही. पावसाळ्यात ढग खाली आले की लहान विमानतळांची उड्डाणे कोलमडतात, त्यासाठी उपकरणांच्या आधारे विमान उतरवण्याची सोय आणि रात्री उतरण्याची कायम व्यवस्था यांवर खर्च व्हावा. नवी इमारत, काचेचे सज्जे आणि स्वागतकमानी यांच्या तुलनेत तो फार दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो.

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले. डिसेंबरात सारे सरकार मुंबईहून ६८३ किलोमीटर उडून तेथे जाते. मंत्र्यांना विमाने कमी पडत नाहीत. कोल्हापूर-सांगलीचे शिष्टमंडळ, सोलापूरचे विडी कामगार, नांदेडचे शेतकरी त्याच अधिवेशनावर आपली गाऱ्हाणी घेऊन जातात, ते रात्रभर बसमध्ये बसून. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी लागू होते आणि त्याच्या वेळा काही महिने आधी ठरतात. कोल्हापूर-नांदेड-नागपूर विमान येत्या अधिवेशनाला धावावे असे राज्य सरकारला वाटत असेल, तर त्याची निविदा पावसाळी अधिवेशन संपण्यापूर्वी काढावी लागेल.